दिव्याखालची दहा पानं

“दिवा घेणार आहात की ओवाळणार आहात?” दुकानदाराने विचारलं.

प्रश्न रास्त होता. गेली वीस मिनिटं मी त्याला एकामागून एक टेबललॅम्प लावायला सांगत होते आणि प्रत्येक दिव्यासमोर एक जुनी सीडी तिरकी धरून, एक डोळा मिटून तिच्यात बघत होते.

“लाल शोधतेय,” मी म्हटलं.

“लाल होय? मग आधी सांगायचं. लाल झिरोचा बल्ब आहे ना.”

“लाल दिवा नकोय. पांढऱ्या दिव्यातलं लाल हवंय.”

तो आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, “अगो, जरा भायर ये!” असल्या गिऱ्हाइकाशी एकट्याने बोलणं त्याला सुरक्षित वाटलं नसावं.

त्याची बायको पदराला हात पुसत आली. मी तिला सांगितलं, की पांढरा उजेड सगळ्या रंगांचा मिळून होतो, सीडी ते रंग सुटे करून दाखवते, आणि या दिव्यात निळा भरपूर आहे, हिरवा बरा आहे, पण लाल अगदी टोकाला उंदराच्या शेपटीएवढा आहे. दिव्यातच लाल नसेल तर त्याच्याखाली लाल रंग लाल दिसणार कसा? रंग पदरचं काही देत नाही, अंगावर पडलेलंच परत करतो.

तिने सीडी माझ्या हातातून घेतली. “अगो बाय माझे! ह्येच्यात इंद्रधनुष्य आसा!”

पुढचा अर्धा तास त्या दुकानात धंदा झाला नाही. बाईंनी कपाटातला एकूण एक दिवा लावून पाहिला. गणपतीच्या माळा पाहिल्या, टॉर्च पाहिले, डास मारायचं यंत्रसुद्धा पाहिलं. मग सीडी घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून ओरडल्या, “आमच्या ट्यूबीत नुसते पट्टे आसत! तरी म्हटलंय माझी आमटी काळी कशी दिसता!”

“आमटी काळीच आसता,” दुकानदार म्हणाला.

“ती ट्यूबीमुळे!”

मी त्यातल्या त्यात लांब शेपटीचा दिवा घेतला आणि निघाले. सीडी मात्र बाईंनी ठेवून घेतली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते, बी.एस्सी. फिजिक्सची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि सावंतवाडीत भिकाजी चितारी यांच्या घरी मी रोज सकाळी मासे रंगवायला जात होते.

भिकूकाका गंजिफा रंगवत. गंजिफा म्हणजे तळहातात मावतील असे गोल पत्ते. दशावतारांचे दहा गट, प्रत्येक गटात बारा पानं: राजा, प्रधान, आणि एकापासून दहापर्यंत निशाणांची पानं. मत्स्याच्या गटाला मासे, कूर्माच्या गटाला कासवं, असं. काकांची थोरली बहीण इंदूआत्या पानांना अस्तर देई आणि जमिनीचा, म्हणजे चित्रामागचा, रंग भरी. निशाणं शिकाऊ माणसाकडे. राजे आणि प्रधान मात्र फक्त काकांचे, कारण त्यांना चेहरे असतात.

मला चेहरा शिकायचा होता. हरभऱ्याच्या डाळीएवढी जागा. त्यात काका कुंचल्याच्या टोकाने भुवया, नाक, ओठ आणि डोळे काढत, आणि ते माणूस एकदम कुणीतरी होई. वामनाचा राजा हुशार दिसे, कल्कीचा राजा चिडका. तीन-चार रेघांत हे कुठून येतं? ते मला कळून घ्यायचंच होतं. एम.एस्सी.चा अर्ज मी भरून ठेवला होता, पण रात्रंदिवस डोक्यात ती डाळच.

काकांचा नियम एक होता: “निशाणां पुरी झाल्याबिगर चेहरो नाय.” एका गटात पंचावन्न निशाणं, दहा गटांत साडेपाचशे. माझे पहिले पंचावन्न मासे त्यांनी तीन वेळा पुसायला लावले (“ह्ये मासे नाय, वांगी आसत”), पण एप्रिल संपता संपता शेवटची तलवारही पास झाली. काका म्हणाले, “सोमवारी ये. चेहऱ्याक बसूया.”

सोमवारी मी गेले तर खोलीत अंधार. शेजाऱ्यांनी घरावर तिसरा मजला चढवायला घेतला होता आणि त्याची भिंत आमच्या खिडकीच्या आकाशात उभी राहिली होती. सकाळी दहानंतर उजेड बंद.

“सकाळचे दोन तास गावतले,” काका म्हणाले. “दोन-दोन तासांनी एका संचाक वरीस जायत. ह्यो सबनीस वकिलांचो संच तेवढो पुरो करतंय, नी बस. मगे लाकडी फळांक रंग लावीत बसतलंय. केळ्याक चेहरो नसता.”

“आणि माझा चेहरा?”

“खंयचो आता चेहरो, चेडवा.”

“दिवा लावूया की!”

हे ऐकून इंदूआत्याने जीभ चावली. काका उठून मागच्या दारी गेले. मग आत्याने मला सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी एकदा पावसाने दिवसभर अंधारून आलं होतं, म्हणून काकांनी बल्बाखाली वामनाची बारा पानं रंगवली. पिवळा रंग मधेच संपला, दुसरा कालवला. बल्बाखाली दोन्ही पिवळे एकच. सबनीस वकिलांनी पानं आपल्या अंगणात उन्हात नेली, तर सहा पानं आंब्यासारखी आणि सहा लिंबासारखी! वकिलांनी अख्खा संच परत पाठवला. तेव्हापासून या घरात दिव्याखाली कुंचला ओला झाला नव्हता.

मी आनंदाने उडालेच. काका परत येताच मी त्यांना सांगितलं, की ही त्यांची चूक नव्हतीच. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसणं या प्रकाराला शास्त्रात चक्क नाव आहे.

“नाव आसा?” काका म्हणाले. “मगे रोगच म्हणूचो तो.”

“रोग दिव्याचा, काका. रंगाचा नाही. मी असा दिवा आणते की त्याच्याखाली जे दिसेल तेच उन्हात दिसेल.”

“आण,” आत्या लगेच म्हणाली. इतकी लगेच, की काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

सीडीवर निवडलेला पहिला दिवा दोन दिवस टिकला. त्याची मान फार नम्र होती. दर सात मिनिटांनी (मी घड्याळ लावून पाहिलं) तो हळूहळू वाकत काकांच्या कपाळाला टेके. तिसऱ्या वेळी काका कुंचला ठेवून त्याला म्हणाले, “असूंदे असूंदे, आशीर्वाद!”

दुसरा दिवा माझ्या मावसभावाच्या दवाखान्यातला. तो दातांचा डॉक्टर आहे आणि त्याने जुना दिवा अडगळीत टाकला होता. लाल रंग त्यात झकास दिसे. मी तो मोठ्या अभिमानाने टेबलावर लावला. काका खुर्चीवर बसले, दिव्याकडे पाहिलं आणि तोंड उघडून बसले.

“भिकू, मीट ता,” आत्या म्हणाली. “आत दात तरी एक रवलोहा काय?”

त्या दिव्याचा झोत इतका अरुंद होता, की राजाचा मुकुट दिसे तर पाय दिसत नसत. वर ओल्या रंगावर असा लखलखाट की डोळ्यांत पाणी.

मग मी शहाणी झाले. तोवर मी फक्त रंग बघत होते. आता एका कागदावर सगळं मांडलं: उजेड दिवसाच्या जवळचा हवा, त्यात लाल पुरेसा हवा, पट्टी लांब हवी म्हणजे सावली मऊ पडेल, दांडे दोन हवेत आणि सांधे घट्ट. असा दिवा कुडाळपासून बेळगावपर्यंत कुणाकडे नव्हता. शेवटी कुरिअरने मागवला. खोकं उघडलं. दिवा लावला, पानांवर धरला. लाल लाल होता, पिवळा पिवळा होता, आणि कूर्माचा हिरवा तर पानवेलीसारखा ताजा. मी आत्याला मिठीच मारली.

दिवा मी टेबलाच्या डाव्या अंगाला बसवला. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही, हे मी तीन ठिकाणी वाचलं होतं.

काका बसले. अर्धा तास काम केलं. अधूनमधून मान तिरकी करत होते, खांदा वर घेत होते.

“कसा आहे?”

“बरो आसा. पण माझ्या हाताक भूत लागल्यासारखा वाटता. मी जंय जातंय थंय काळोख.”

मी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. कोन मोजला, उंची मोजली. आत्या दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती.

“अगो फिजिक्स,” ती शेवटी म्हणाली, “भिकू डावरो आसा.”

चार महिने मी त्या माणसाच्या शेजारी बसत होते. निशाणांची जाडी मी दशांश मिलिमीटरमध्ये सांगू शकले असते. कुंचला कुठल्या हातात आहे, ते मी पाहिलंच नव्हतं.

दिवा उजवीकडे गेला तशी भूतबाधा उतरली. तरी काका पान पूर्ण करायला तयार होईनात. नुसतं पुसत, कालवत आणि शंका काढत. म्हणून आत्याने एका दुपारी जुना संच काढला आणि म्हणाली, की आधी या दिव्याखाली एक डाव खेळून बघू, पानं ओळखू येतात का ते.

गंजिफात दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो आधी उतरतो, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा. पानं वाटली. राम माझ्याकडे होता. मी उतरले.

“रव रव,” आत्या म्हणाली. “किसन माझ्याकडे. दिवो लागलो म्हणजे रात झाली.”

“आत्या, दुपारचे तीन वाजलेत!”

“खिडकीत बघ. काळोख. वर दिवो. रात नाय तर काय?”

“बाहेर ऊन आहे!”

“भायर खेळतंव काय आमी?”

काका आपली पानं छातीशी धरून शांतपणे म्हणाले, “भायर ऊन नी आत काळोख, म्हणजे तिन्हीसांज. तिन्हीसांजेक नृसिंव्ह उतरता. ह्यो बघा.” आणि त्यांनी नृसिंहाचा राजा खाली टाकला. त्या दुपारी एकही डाव पुरा झाला नाही, पण भांडताना तिघांनीही एकही पान चुकीचं ओळखलं नाही. काकांच्या ते लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “चेडवा, पैज लावतंय. सबनिसांचे वीस चेहरे रवलेत. दहा खिडकीत करतंय, दहा तुझ्या दिव्याखाली. वकील येतले, उन्हात बघतले. तेंका दिव्याखालची पानां वेगळी काढूक येवक नाय, तर मी रंगवूचा सोडूचंय नाय, नी तुका चेहरो शिकवतंय. तेनी काढल्यानी वेगळी, तर दुसऱ्या दिवसापासून मी नी माझी केळी.”

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला भीती शिवलीसुद्धा नाही. माझ्या डोक्यात प्रयोगाची मांडणी सुरू झाली होती.

कोणतं पान कुठे रंगवायचं हे काकांनी ठरवलं असतं तर आवडीचे राजे खिडकीत गेले असते. म्हणून मी बिस्किटांच्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाकल्या, दहांवर ‘खिडकी’, दहांवर ‘दिवा’. रोज सकाळी आत्या एक चिठ्ठी काढी.

“कौल लावतंस,” काका म्हणाले.

“कौल नाही काका. शास्त्रात असंच करतात. नशिबावर सोडायचं, म्हणजे कुणाचा पक्षपात नको.”

“म्हणजे कौलच.”

रोज पूर्ण झालेलं पान मी अंगणात उन्हात नेई, रंगांच्या नमुन्याच्या पट्टीशी ताडून बघे आणि वहीत नोंद करी. लाल जुळला. पिवळा जुळला. निळा जुळला. वीसही पानांत एकाही रंगाने दगा दिला नाही. मे संपला तेव्हा मी इतकी खूश होते, की घरी आईने एम.एस्सी.च्या फॉर्मचं विचारलं तर मी तिला चिठ्ठ्यांच्या डब्याबद्दल सांगत सुटले.

वकील रविवारी सकाळी साडेदहाला आले. सत्तरी उलटलेले, काठीसारखे ताठ. दर शनिवारी त्यांच्या घरी गंजिफांचा डाव बसे. संच चौकटीत घालून भिंतीवर लावणाऱ्या लोकांचा त्यांना मनस्वी राग होता. “भिंतीवर लावायला मी कॅलेंडर आणतो,” असं ते म्हणत.

अंगणात उन्हात चटई घातली होती. मी वीस पानं पिसून त्यांच्यासमोर ठेवली.

“यांत दहा पानं एका तऱ्हेची आहेत, दहा दुसऱ्या तऱ्हेची. तुम्हाला वेगळी करता आली तर करा.”

“कसल्या तऱ्हेची?”

“ते सांगता येत नाही.”

“साक्षीदार उत्तर टाळतोय,” वकील म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळू नये म्हणून मी आत गेले आणि दार लोटून फटीशी उभी राहिले. काकांना तर मी समोर यायलाच बंदी केली होती. ते आधीच फटीशी होते. खाली पाटावर आत्या, तिच्या वर मी, माझ्या वर काका.

“काय करता?” आत्या कुजबुजली. ती होती त्या उंचीवरून फक्त वकिलांच्या चपला दिसत होत्या.

“एक पान उचललं. डोळ्यांजवळ नेलं. डावीकडे ठेवलं.”

“दुसरा?”

“उजवीकडे.”

“तोंड कसा केल्यान?”

“वकिलासारखं.”

“इंदू, तुझा डोक्या हलव, माका दिसना नाय,” काका वरून म्हणाले. त्यांचा श्वास माझ्या भांगात लागत होता. अकरा मिनिटं लागली. शेवटचं पान उजवीकडे गेलं तेव्हा वकिलांनी दोन्ही गड्ड्या मोजल्या. दहा आणि दहा.

मी वही घेऊन बाहेर गेले. डाव्या गड्डीतलं पहिलं पान, मत्स्याचा राजा: खिडकी. दुसरं: खिडकी. तिसरं: खिडकी. सहाव्या पानाला मी वहीतली नोंद दोनदा वाचली. डावीकडची दहाही खिडकीत रंगवलेली होती. उजवीकडची दहाही दिव्याखालची.

वीस पानांतून अंदाजाने बरोबर तीच दहा निघण्याची शक्यता एक लाख चौऱ्याऐंशी हजार सातशे छप्पन्नांत एक असते. हा आकडा मला नको तेव्हा आठवतो.

काका दारात येऊन उभे होते. माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. “सगळी?”

“सगळी.”

“बरा,” ते म्हणाले. “संपला मगे.” आणि खांद्यावरचा पंचा काढून उगाचच हात पुसू लागले.

“संपलं काय? काय संपलं?” वकील चटईवरून गुडघ्यावर हात देत उठले, आणि मी त्यांना कधी इतकं लाल झालेलं पाहिलं नव्हतं. “भिकू, चाळीस वर्षांची ओळख आपली! मला फसवतोस?”

“आता उन्हात दिसला तां दिसला, वकीलसायब. दिव्याचो रंग...”

“रंगाचं कोण बोलतंय? रंग सगळ्यांचे सारखे आहेत, उत्तम आहेत. मी ह्यांचं बोलतोय!” त्यांनी उजवी गड्डी पंख्यासारखी पसरली. “नव्या संचात जुनी पानं घुसडतोस? ही दहा पानं तू तिशीत काढलेली आहेस. तेव्हाची शिल्लक पडली असतील, दिलीस सरकवून! मला कळणार नाही वाटलं?”

वरच्या भिंतीवर गवंडी काम करत होते, त्यांची थापी वाजत होती.

“जुनी?” काका म्हणाले.

“हा राम बघ. नखं आहेत याला! पाची बोटांना नखं! गळ्याला वळी आहे. हा कल्की, याच्या मिशीचा केस न् केस सुटा आहे. तू नखं काढणं कधी सोडलंस ते मला विचार. वीस वर्षं झाली. मी बोललो नाही, म्हटलं माणसाचं वय होतं. आणि हा डावीकडचा वामन बघ. बरा आहे, पण मोजे घातल्यासारखे हात!”

काकांनी रामाचं पान घेतलं, डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मीही वाकले. नखं होती. पाचही. त्या पानाचा लाल मी तीन वेळा तपासला होता, वहीत नोंदला होता, आणि नखं मला दिसली नव्हती.

“मी काढलंय ही?” काका म्हणाले. “माका आठवनत नाय. बोटां दिसली, तर हात गेलो असतलो.”

आत्या पाटावरून उठून बाहेर आली होती. “माका दिसली होती,” ती म्हणाली. “पयल्या दिवशीच.”

“नी बोललंस नाय?”

“बोललंय असतंय तर तू चार दिवस नखांच काढीत बसलो असतंस.”

वकिलांचा विश्वास बसेना. त्यांनी आम्हा तिघांची रीतसर उलटतपासणी घेतली. शेवटी म्हणाले, “दाखव.” काका आत जाऊन बसले, दिवा ओढला, एका टाकाऊ पानावर एक हात काढला आणि त्याला नखं काढू लागले. वकील इतके वाकले की उजेड अडला.

“सायबानु, सावली पडता.”

“अरे हो, हो.” वकील लहान मुलासारखे बाजूला झाले. पाचव्या नखाला त्यांनी नुसतं “हं” केलं आणि खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

मी मात्र दारातच उभी होते. कारण पैज पैजच होती, आणि ती आम्ही हरलो होतो. ते सगळ्यात आधी बोलून दाखवलं आत्यानेच.

“भिकू, तू उद्यापासून केळी रंगवतलंस ना?”

“कित्याक?”

“वकिलांनी पानां वेगळी काढल्यानी. हरलंस.”

“मी हरलंय? हरली ती ही!” काकांनी कुंचला माझ्याकडे रोखला.

“मगे हिका शिकवूचा नाय.”

काकांनी कुंचला पाण्यात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. मग त्यांना मार्ग सुचला. “वकीलसायब,” ते म्हणाले, “तुमी निकाल देवा.”

वकिलांनी पैजेचे शब्द दोनदा म्हणायला लावले. मग घसा साफ केला. “वाद रंगाचा होता. रंगात फरक आढळला नाही. हाताचा मुद्दा पैजेत नव्हताच, तो उगाच मधे आला. दावा मुलीच्या बाजूने.”

“उगाच कसो?” काका म्हणाले, पण हसू त्यांच्या गालात मावत नव्हतं. त्यांनी उठून अंगणातली डावीकडची गड्डी आणली, ती खिडकीतली, मोजे घातलेल्या हातांची दहा पानं. “वकीलसायब, ही दहा तुमका गावूची नाय.”

“का? चांगली आहेत की. चालतील.”

“माका चलनत नाय. वरचा रोगण अजून देवक नाय. चेहरे नी हात पुसतंय, नी परत काढतंय.” त्यांनी पानं टेबलावर एका रांगेत मांडली, बोटाने मोजली, आणि शेवटचं, बुद्धाच्या प्रधानाचं पान, माझ्यापुढे सरकवलं. “नऊ मी. ह्यो तुझो.”

वकिलांनी तोंड उघडलं, आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते परत मिटलं.

बुद्धाच्या प्रधानाचा चेहरा मला चौदा दिवस लागले. रोज पुसायचा, रोज काढायचा. काका शेजारी बसून स्वतःचे राजे करत आणि मधेच म्हणत, “श्वास सोड. धरून ठेवलंस तर रेघ पण अडकता.” चौदाव्या दिवशी मी दुसऱ्या डोळ्याचा ठिपका ठेवला, कुंचला उचलला आणि तो प्रधान एकदम कुणीतरी झाला. मी खुर्चीवरून ओरडत उठले. आत्या हातात उलथनं घेऊन धावत आली.

काकांनी पान हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

“नखां बरी आसत,” ते म्हणाले. “पण ह्यो राजाकडे बघूचो सोडून भलतीकडेच बघता.”

“पुसू?”

त्यांनी ते पान वकिलांच्या संचात, राजाच्या खाली ठेवून दिलं.

“रवांदे. दरबारात असो एक तरी आसताच.”